अर्ध्या वाटेत बदलणारे नियम

मुलगी परदेशी शिकायला निघाली की नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला असतो : ‘व्हिसा झाला का?’ झाला म्हटले की पेढे येतात आणि विषय तिथेच मिटतो. खरे तर विषय तिथे सुरू होतो. परदेशात शिकणाऱ्याला तीन परवानग्या सांभाळाव्या लागतात. एक त्या देशाच्या दारापर्यंत पोहोचण्याची, दुसरी आत राहून शिकत राहण्याची आणि तिसरी घरी येऊन पुन्हा परत जाण्याची. पहिलीची चर्चा गावभर होते, कारण तिच्यात मुलाखत असते, स्लॉटची वाट पाहणे असते, नकाराची धास्ती असते. उरलेल्या दोन परवानग्यांची ओळख बहुतेकांना तिकडे पोहोचल्यावर होते, पुष्कळदा काहीतरी अडल्यावरच.

२०२३ च्या अखेरीपासून दोन वर्षांत अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि जर्मनी या पाचही देशांनी विद्यार्थ्यांसाठीच्या अटी बदलल्या. कुणाला घ्यायचे आणि किती जणांना, हे ठरवणे हा त्या देशांचा अधिकार आहे, त्याबद्दल वाद नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. ज्यांनी जुन्या अटी वाचून कर्ज काढले, फी भरली आणि शिकायला सुरुवात केली, त्यांनाही नव्या अटी लावल्या जातात तेव्हा त्या बदलाची किंमत सर्वांत दुबळा घटक मोजतो. नवी अट आधीच आलेल्यांनाही लावली का, हा प्रश्न हा आढावा घेताना मी प्रत्येक देशाला विचारणार आहे.

परवानग्यांचे हे जाळे फार जुने नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा अमेरिकेत विद्यार्थ्याला व्हिसा लागत नव्हता. १९१६ मध्ये ते लंडनला गेले. पुढच्याच वर्षी शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत येऊन तो पुढे नेण्याची मुभा दिली. १९२० मध्ये ते परत गेले आणि १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली. आज एखाद्याची शिष्यवृत्ती अशी मध्येच थांबली आणि शिक्षण तुटले, तर ब्रिटिश विद्यापीठाला ते गृहखात्याला कळवावे लागते. मग व्हिसाची मुदत तोडली जाते आणि देश सोडायला सहसा साठ दिवस मिळतात. परत यायचे तर प्रवेशाचे नवे पत्र, नवा व्हिसा, नवे शुल्क, आणि मधली वर्षे कुठे गेली याचा खुलासा. विद्यापीठाने दिलेला शब्द आता एकट्याने पुरत नाही.

अमेरिकेने १९२४ च्या कायद्यात विद्यार्थ्यांची वेगळी नोंद केली आणि १९५२ च्या कायद्याने आजचा एफ वर्ग आखला. त्याच कायद्यातले कलम २१४-बी आपल्याकडच्या प्रत्येक अर्जदाराला पाठ असते. अर्जदार कायमचा राहायलाच येतो आहे असे गृहीत धरायचे आणि तसे नाही हे त्याने अधिकाऱ्याला पटवायचे, असा त्याचा आशय. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीच्या खिडकीपाशी हे पटवायला दोन-तीन मिनिटे मिळतात. नकार आला तर हातात छापील कागद येतो. नेमके काय खटकले ते त्यात नसते आणि दाद मागायची सोय नसते. ऑक्टोबर २०२३ ते सप्टेंबर २०२४ या वर्षात अमेरिकेने जगभरातून आलेले एफ-१ चे सुमारे ४१ टक्के अर्ज नाकारले. त्याच काळात तिथल्या विद्यापीठांत भारतीय विद्यार्थी पहिल्या क्रमांकावर होते. २०२३-२४ मध्ये त्यांनी चीनला मागे टाकले आणि २०२४-२५ मध्ये त्यांची संख्या ३,६३,०१९ झाली.

२१४-बी ची कसोटी मला मुळातच अन्यायाची वाटते. बावीस वर्षांच्या मुलाच्या नावावर घर नसते, नोकरी नसते, संसार नसतो. परत येण्याचा पुरावा म्हणून तो आईवडिलांचे फ्लॅटचे कागद आणि सीएचे पत्र पुढे करतो. शिवाय तोच देश पदवीनंतर एक वर्ष आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शाखांना आणखी दोन वर्षे काम करण्याची मुभा देतो, म्हणजे तीन वर्षांच्या कामाचे आमंत्रण आणि ‘राहणार नाही ना?’ हा प्रश्न एकाच दारात उभे असतात. मुलाखत शिकवणारे क्लास मुलांकडून ‘लगेच परत येऊन वडिलांचा व्यवसाय सांभाळणार’ असली उत्तरे घोकून घेतात. ती ऐकणाऱ्याला पाठ असतात. हाच विषय का, हेच विद्यापीठ का, पैसे कुठून येणार, हे स्वतःच्या शब्दांत सांगणारा मुलगा निदान स्वतःचे म्हणणे तरी मांडून येतो.

पैशांचा हिशेबही नीट समजून घ्यावा. विद्यापीठाकडून आय-२० हा पात्रतेचा कागद आला की सेव्हिस या विद्यार्थी नोंदणी यंत्रणेचे ३५० डॉलर आणि अर्जाचे १८५ डॉलर भरायचे असतात. नकार आला तर सेव्हिसचे शुल्क बारा महिन्यांच्या आत पुन्हा भरावे लागत नाही, अर्जाचे मात्र दर वेळी भरावे लागते. जुलै २०२५ च्या कायद्यात आणखी २५० डॉलरच्या व्हिसा शुल्काची तरतूद आली आहे. अभ्यासक्रम सुरू होण्याआधी ३६५ दिवसांपर्यंत व्हिसा मिळू शकतो, पण देशात शिरता येते ते शेवटच्या तीस दिवसांतच. त्यामुळे प्रवेशपत्र हाती आल्याबरोबर स्लॉट शोधणे शहाणपणाचे. २७ मे २०२५ रोजी अमेरिकी सरकारने नव्या मुलाखती देणे अचानक थांबवले. जूनच्या मध्यानंतर त्या पुन्हा सुरू झाल्या, पण समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना दिसतील अशी खुली करण्याच्या अटीसह. ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होणाऱ्यांसाठी ते तीन आठवडे फार महागाचे होते.

आता नूतनीकरण, जिथे सर्वाधिक गैरसमज आहेत. पासपोर्टवरचा व्हिसा हा फक्त आत शिरण्यासाठी असतो. तो संपला म्हणून तिथे शिकणारा विद्यार्थी बेकायदा ठरत नाही. त्याचे राहणे ठरते ते आय-९४ या नोंदीवर. विद्यार्थ्याच्या आय-९४ वर आजवर तारीख नसायची, तर शिक्षण नियमाने चालू आहे तोवर राहता येईल अशी नोंद असायची. आय-२० वैध हवा, दर सत्राला पूर्ण अभ्यासभार हवा, आवारातले काम आठवड्याला वीस तासांच्या आत हवे. प्रबंध लांबला तर आय-२० ची मुदत संपण्याआधीच ती विद्यापीठाच्या अधिकाऱ्याकडून वाढवून घ्यायला हवी. एखादा विषय सोडायचा असेल तर आधी त्या अधिकाऱ्याला विचारायचे, सोडून मग सांगायचे नाही. शिक्षण संपल्यावर साठ दिवस मिळतात, आणि नंतरच्या कामाच्या वर्षात एकूण नव्वद दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही.

पण संपलेल्या व्हिसावर देश सोडला की परतताना नवा लागतो आणि तो अमेरिकेत बसून मिळत नाही. कॅनडा, मेक्सिको किंवा शेजारच्या काही बेटांना तीस दिवसांच्या आतली फेरी एवढा अपवाद आहे, तोही अटींसह. भारतीयांना एफ-१ बहुधा पाच वर्षांचा मिळतो, म्हणून दोन वर्षांच्या मास्टर्सला ही अडचण फारशी जाणवत नाही. पीएचडीच्या विद्यार्थ्याला ती हटकून गाठते. पूर्वी भारतात स्लॉट नसला तर मुले बँकॉकला किंवा फ्रँकफर्टला जाऊन स्टॅम्पिंग करून घेत. सप्टेंबर २०२५ मध्ये ती वाट बंद झाली. आता मायदेशात किंवा वास्तव्याच्या देशातच अर्ज करायचा, आणि मुलाखतीशिवाय कागद टाकून येण्याची ड्रॉपबॉक्सची सवलतही बहुतेकांची गेली. याचा परिणाम घरोघरी दिसतो. बहिणीचे लग्न असते, आजोबा आजारी असतात, आणि मुलगा येत नाही. यायचे नसते असे नाही, परतीची खात्री नसते.

सेव्हिस या नोंदणी यंत्रणेचा जन्म भीतीतून झाला. १९९३ च्या वर्ल्ड ट्रेड सेंटरवरील बॉम्बहल्ल्यातला एक जण विद्यार्थी व्हिसावर आला होता. १९९६ च्या कायद्याने विद्यार्थ्यांची संगणकीय नोंद ठेवायला सांगितली. सप्टेंबर २००१ च्या हल्लेखोरांपैकी एक विद्यार्थी व्हिसावर आलेला निघाला, आणि आणखी दोघांना विद्यार्थी दर्जा मंजूर झाल्याची पत्रे हल्ल्यानंतर सहा महिन्यांनी फ्लोरिडातल्या विमान प्रशिक्षण संस्थेत जाऊन पडली. २००३ पासून सेव्हिस सगळ्यांना बंधनकारक झाली. तेव्हापासून विद्यापीठाचा अधिकारी हा विद्यार्थ्याचा सल्लागारही आहे आणि सरकारचा नोंदनीसही. ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे असणे विद्यार्थ्याने सतत ध्यानात ठेवायला हवे.

एप्रिल २०२५ मध्ये या यंत्रणेची दुसरी बाजू दिसली. सरकारने हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी एकाएकी रद्द केल्या. अनेकांचा दोष एवढाच, की पोलिसांच्या संगणकात त्यांचे नाव कुठेतरी होते, कधी वाहतुकीच्या किरकोळ प्रकरणात, कधी न्यायालयाने निकाली काढलेल्या खटल्यात. मुले न्यायालयात गेली, एकामागून एक स्थगित्या मिळाल्या आणि २५ एप्रिलला सरकारने नोंदी पूर्ववत करणार असल्याचे सांगितले. २०२० मध्येही असेच झाले होते. कोविडमध्ये वर्ग ऑनलाइन झाले म्हणून विद्यार्थ्यांनी देश सोडावा असा आदेश ६ जुलैला निघाला, हार्वर्ड आणि एमआयटी न्यायालयात गेल्या आणि आठ दिवसांत तो मागे घेतला गेला. दोन्ही वेळी विद्यार्थी वाचले ते वकील आणि न्यायालय यांच्यामुळे. पण त्या दिवसांत घाबरून विमानात बसले, त्यांचे सत्र गेलेच.

ऑगस्ट २०२५ मध्ये त्या देशाच्या गृहसुरक्षा खात्याने आय-९४ वर जास्तीत जास्त चार वर्षांची ठरावीक तारीख घालण्याचा आणि शेवटचे साठ दिवस तीसवर आणण्याचा प्रस्ताव मांडला. असाच प्रस्ताव २०२० मध्ये आला होता आणि २०२१ मध्ये मागे घेतला गेला. आताचा प्रस्ताव अमलात आला तर मुदतवाढ देण्याचे काम विद्यापीठाकडून सरकारी कार्यालयाकडे जाईल. पीएचडी चार वर्षांत क्वचितच संपते. प्रयोग फसला की नाही हे प्रयोगशाळेऐवजी अर्ज तपासणारा कारकून ठरवेल, हे शिक्षणाच्या हिताचे नाही.

अमेरिकेबद्दल एक इशारा वेगळा द्यायला हवा. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली विद्यापीठावर छापा पडला आणि काही भारतीय विद्यार्थ्यांच्या पायाला माग काढणारे पट्टे बांधले गेले. २०१९ मध्ये मिशिगनमधले फार्मिंग्टन विद्यापीठ सरकारी तपास यंत्रणेनेच उभे केलेला सापळा निघाला. सुरुवातीला अटक झालेल्या १३० विद्यार्थ्यांपैकी १२९ भारतीय होते. वर्गच न भरवता काम करू देणारे विद्यापीठ कुणी सुचवत असेल, तर तिथून मागे फिरावे.

ब्रिटनची व्यवस्था कागदांवर चालते आणि म्हणून ती अधिक अंदाज बांधण्याजोगी आहे. ऑक्टोबर २०२० पासूनच्या या पद्धतीत विद्यापीठाचे सीएएस हे प्रवेशाचे पत्र, क्षयरोगाची तपासणी आणि पैसे दाखवले की बहुतांश काम होते. पैसे सलग २८ दिवस खात्यात हवेत. एक दिवस जरी शिल्लक कमी झाली तरी अर्ज फेटाळला जातो. नोव्हेंबर २०२५ पासून फीव्यतिरिक्त लंडनसाठी महिना १,५२९ पौंड आणि बाहेर १,१७१ पौंड, असे जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे दाखवावे लागतात. त्यावर दर वर्षासाठी ७७६ पौंड आरोग्य अधिभार. नूतनीकरणाची सोय मात्र अमेरिकेपेक्षा माणुसकीची आहे. तिथेच राहून अर्ज करता येतो, आणि मुदत संपण्याआधी अर्ज केला असेल तर निर्णय येईपर्यंत जुने हक्क चालू राहतात. त्या काळात देशाबाहेर गेले की अर्ज मागे घेतला असे धरले जाते, हे अनेकांना विमानतळावर कळते.

ब्रिटनचे खरे दुखणे शिक्षणानंतर कामासाठी मिळणाऱ्या दोन वर्षांचे आहे. ती सवलत २०१२ मध्ये बंद केली, २०२१ मध्ये पुन्हा दिली आणि आता १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना, पीएचडी सोडून, दीड वर्षच मिळणार आहे. इथे तारखेचे महत्त्व समजून घ्यावे. आश्रितांना आणण्यावरची बंदी १ जानेवारी २०२४ किंवा नंतर सुरू होणाऱ्या बहुतेक अभ्यासक्रमांना लागली, त्यामुळे आधी आलेल्यांची कुटुंबे वाचली. दीड वर्षाची अट मात्र अर्जाच्या तारखेला बांधली आहे. म्हणजे २०२४ च्या सप्टेंबरमध्ये दोन वर्षांच्या हिशेबाने तीन वर्षांच्या पदवीला गेलेला मुलगा २०२७ च्या उन्हाळ्यात बाहेर पडेल आणि त्याला सहा महिने कमी मिळतील. एकाच देशाने दोन वर्षांच्या अंतराने दोन वेगळ्या पद्धती वापरल्या. विद्यापीठाचा परवाना गेला तरी असेच हाल होतात. ऑगस्ट २०१२ मध्ये लंडन मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचा परवाना रद्द झाला तेव्हा स्वतःचा काही दोष नसलेल्या परदेशी विद्यार्थ्यांवर दुसरे विद्यापीठ शोधण्याची वेळ आली.

कॅनडात व्हिसा आणि स्टडी परमिट हे दोन वेगळे कागद आहेत आणि दोन्ही आतूनच नवे करून घेता येतात. जानेवारी २०२४ मध्ये त्या सरकारने दोन वर्षांसाठी मर्यादा घातली आणि पहिल्या वर्षी सुमारे ३,६०,००० परमिट ठरवली. दाखवायची रक्कम त्याच महिन्यात १०,००० डॉलरवरून २०,६३५ झाली आणि सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५. भारतीयांची लवकर निकाल देणारी एसडीएस खिडकी ८ नोव्हेंबर २०२४ रोजी एका दिवसात बंद झाली. त्याच दिवसापासून कॉलेज बदलायचे तर नवे परमिट घ्यावे लागते. तरीही एका बाबतीत कॅनडाने नीट वागून दाखवले. पदवीनंतरच्या वर्क परमिटसाठी ठरावीक विषयांची अट आणली, ती १ नोव्हेंबर २०२४ किंवा नंतर स्टडी परमिटचा अर्ज करणाऱ्यांनाच. आधीच्यांना जुना नियम. म्हणजे हे करता येते, त्यासाठी फक्त एक तारीख विचारपूर्वक निवडावी लागते.

ऑस्ट्रेलियात सारा भार शुल्कावर आहे. व्हिसाचा अर्ज जून २०२४ पर्यंत ७१० डॉलर होता, १ जुलैला तो १,६०० झाला आणि वर्षभरात २,००० डॉलर. अर्ज फेटाळला तरी पैसे परत मिळत नाहीत, आणि विषय नापास होऊन अभ्यासक्रम लांबला तर नव्या व्हिसासाठी पुन्हा तेवढेच. जर्मनीत फी नाममात्र म्हणून आपली मुले वळतात. तिथे बंद खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो ठेवायचे, नोव्हेंबर २०२२ पासून शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचे एपीएसचे प्रमाणपत्र घ्यायचे आणि पोहोचल्यावर शहरातल्या परदेशी नागरिक कार्यालयातून निवास परवाना मिळवायचा. खरी परीक्षा त्या कार्यालयाच्या अपॉइंटमेंटची असते. व्हिसा नाकारल्यावर फेरविचाराचे साधे पत्र लिहिण्याची सोय जर्मनीने जुलै २०२५ पासून काढली. आता नवा अर्ज किंवा थेट न्यायालय.

पैसे दाखवण्याची अट आपल्याकडे कुणाला जाचते, हे महाराष्ट्रात बसून नीट दिसते. ज्याच्या घरी तारण ठेवायला फ्लॅट आहे, त्याला बँकेचे मंजुरीपत्र आठवड्यात मिळते. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर किंवा केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीवर जाणाऱ्या दलित, भटक्या, भूमिहीन घरातल्या मुलाला शिष्यवृत्तीचे पत्र हाच एकमेव पुरावा असतो. २०२५ मध्ये केंद्राच्या यादीत १०६ जण निवडले गेले आणि पहिल्यांदा पत्रे निघाली ती ४० जणांचीच. उरलेल्यांना निधीची वाट पाहायला सांगितले. परदेशी अधिकारी नकार देईल ही नंतरची गोष्ट, इथे आपलेच कार्यालय मुलाला खिडकीपर्यंत पोहोचू देत नाही. पत्र मेअखेर हाती पडले नाही तर मुलाखत, विमान आणि सत्र यांतले काहीच जुळत नाही.

आणि ज्या पुण्यातून ही मुले निघतात, त्याच पुण्यात परदेशी मुले शिकायला येतात. इराणी विद्यार्थ्यांची वस्ती इथे कित्येक दशकांची, पुढे येमेन, इराक, अफगाणिस्तान आणि आफ्रिकेतले देश. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर येणाऱ्याला चौदा दिवसांत नोंदणी करावी लागते. २०१८ पासून ती परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या ई-एफआरआरओ या संकेतस्थळावर ऑनलाइन आहे आणि मुदतवाढही तिथेच. बोनाफाइड, निकालपत्र, भाडेकरार, घरमालकाने भरलेला फॉर्म-सी, यातले एक अडले की सारे अडते. आपल्या विद्यापीठांचे निकाल लांबले की त्या मुलाच्या मुदतवाढीचा कागद लांबतो, आणि विलंबाचा खुलासा त्याला करावा लागतो. विद्यार्थी व्हिसावर त्याला इथे कमाईही करता येत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडले तेव्हा कोविडमुळे घरी गेलेले अफगाण विद्यार्थी अडकले. २५ ऑगस्टला भारताने देशाबाहेर असलेल्या अफगाणांचे आधीचे सगळे व्हिसा रद्द ठरवले. सुरक्षेचे कारण मी नाकारत नाही. पण इथल्या महाविद्यालयांच्या पटावर नाव असलेल्या, अर्धी पदवी झालेल्या मुलांसाठी वेगळी यादी करता आली असती. परदेशातल्या सरकारांकडे आपण मागतो, तेच त्यांनी आपल्याकडे मागितले होते.

१ सप्टेंबर २०२५ पासून भारतात परदेशी नागरिकांसाठी नवा कायदा लागू झाला आहे आणि शिक्षणसंस्थांवरची माहिती देण्याची जबाबदारी त्यात अधोरेखित आहे. कायदा नवा आहे, त्याच्या नियमांत दुरुस्ती करायची तर हीच वेळ आहे. प्रवेश घेतला त्या दिवशीच्या अटी पदवी मिळेपर्यंत लागू राहतील, असे एक कलम त्यात घालता येईल. मुदतवाढीचा अर्ज वेळेत केला असेल तर निर्णयापर्यंत विद्यार्थी नियमातच आहे असे ब्रिटन आणि कॅनडा मानतात, तेही लिहून ठेवता येईल. पुणे, मुंबई आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठांनी परदेशी विद्यार्थ्यांचे निकाल मुदतवाढीच्या तारखेआधी हातात देण्याची हमी घ्यावी, त्यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही. आणि मंत्रालयाने शिष्यवृत्तीची यादी एप्रिलमध्ये लावावी.